तेरावा ठोका

सलूनवाल्याला सगळं गाव रेडिओ म्हणायचं. फरक एवढाच, की रेडिओला बंद करायचं बटण असतं. गिऱ्हाइकाच्या गळ्यापाशी वस्तरा टेकवून तो बोलायला लागला, की समोरच्याला मान हलवायचीही सोय नसे. असा श्रोता ज्याला रोज मिळतो, त्याला नाटकात काम करावंसं वाटणारच. हौशी मंडळाच्या प्रत्येक नाटकात तो असे आणि प्रत्येक नाटकात पदरची वाक्यं घाली. गेल्या खेपेला खबरदारी म्हणून त्याला प्रेताचं काम दिलं होतं. प्रेतानं उठून वारसांना दोन शब्द सुनावले.

यंदा मंडळानं गावच्या वस्तुसंग्रहालयातच प्रयोग करायचं ठरवलं. तिथं कोणी फिरकत नसे. तेव्हा वस्तूंनीच आपापली कहाणी सांगावी आणि प्रत्येक वस्तूशेजारी तिचा नट उभा राहावा, अशी कल्पना. किराणा दुकानवाल्या वहिनी झाल्या तराजू. दातांचे डॉक्टर झाले दात काढायची जुनी खुर्ची. दिग्दर्शन बाईंचं. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, त्यांचा आवाज अजून नोकरीत होता.

"आणि तुम्ही," त्या सलूनवाल्याला म्हणाल्या, "मनोऱ्यावरून उतरवून इथं ठेवलेलं घड्याळ."

"वा! वाक्यं किती?"

"एकही नाही. ते बंद आहे. दर वेळी एक ठोका जास्त द्यायचं, म्हणून कायमचं थांबवलं. आगाऊपणाला दुसरा उपाय नसतो."

"पण बाई, बंद घड्याळाच्याही मनात काहीतरी—"

"मनातच ठेवा. एक शब्द जरी पदरचा निघाला, तर मंडळातून नाव कमी. खरं तर प्रेताच्या वेळीच करणार होते."

सलूनवाल्याचं तोंड एवढंसं झालं. कारण यंदा मुख्य भूमिका आपलीच, असं त्यानं व्याह्यांना आधीच सांगून टाकलं होतं. वर सहकुटुंब यायचं आमंत्रणही दिलं होतं. व्याह्यांनी कोर्टात जन्मभर कारकुनी केलेली. त्यामुळे न्यायाधीशांपेक्षा निकाल द्यायची सवय त्यांनाच जास्त. त्यांच्यापुढं खोटं पडणं म्हणजे लेकीच्या सासरी नाक कापून घेणं.

"अहो, खरं सांगून मोकळे व्हा," बायको इस्त्री करता करता म्हणाली.

"काय सांगू? मुख्य भूमिकेत मी नुसता उभा राहणार आहे?"

"बरं, मी बघते काय ते."

ती काय बघणार हे त्यानं विचारलं नाही. विचारायला आधी बोलायचं थांबावं लागतं.

प्रयोगाच्या दुपारी दालनात मुंगीला शिरायला जागा नव्हती. लोक खिडक्यांत बसले होते. एवढी गर्दी पाहून बाईंनी चष्मा काढून पुसला. पहिल्या रांगेत व्याही, विहीणबाई, लेक आणि जावई. सलूनवाला गळ्यात पुठ्ठ्याची तबकडी अडकवून, दोन्ही हात डोक्यावर जोडून उभा होता. बारा वाजलेले. चेहऱ्यावरही.

वहिनींचा तराजू झकास झाला. "मी जन्मात खोटं बोलले नाही," त्या म्हणाल्या, "बोललं ते माझ्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण!" त्यांच्या दुकानाची गिऱ्हाइकं एकमेकांकडं बघून हसली.

मग डॉक्टर पुढं आले. "माझ्यावर बसून भल्याभल्यांनी… भल्याभल्यांनी…" आणि गाडी अडली.

इतकी वर्षं अशा वेळी रेडिओ धावून येई. डॉक्टरांनी सवयीनं घड्याळाकडं पाहिलं. वहिनींनीही पाहिलं. कपाटामागं बाईंनी संहिता उघडली, पण पुसायला काढलेला चष्मा कुठं ठेवला ते आठवेना. त्या हातवारे करू लागल्या: बोला, बोला!

सलूनवाला त्यांचाच विद्यार्थी. "बोला, कोणी केलं?" असं बाई शाळेतही विचारायच्या आणि जो बोले तो छडी खाई. त्यानं ओठ घट्ट मिटले. इकडं अर्धं दालन कुजबुजत होतं, "बोल रे!" उरलेलं अर्धं दटावत होतं, "गप्प राहा!" गावाला आपलं मौन एवढं का लागलंय, ते त्याला कळेना. व्याही टक लावून बघत होते. डॉक्टरांच्या कपाळावर घाम फुटला होता.

घड्याळ बोलत नाही हे खरं. पण ते वाजतं.

"टण!"

दालन दचकलं. सलूनवाल्यानं सावकाश, भारदस्त, दुसरा ठोका दिला. तिसरा. तेवढ्यात वहिनींनी बाईंचा चष्मा बाईंच्याच डोक्यावरून खाली नाकावर ओढला. बाईंनी वाक्य शोधलं. बाराव्या ठोक्याला ते डॉक्टरांच्या कानात पोचलं.

"…भल्याभल्यांनी आईला हाक मारली!"

काम झालं होतं. आता थांबायचं. पण गळ्यातली तबकडी, अवघडलेले हात आणि जन्माची खोड.

"टण!"

मग खिडकीतून एक म्हातारे पोस्टमन ओरडले, "एक जास्त! अगदी तस्सं! मी या ठोक्यावर टपाल घेऊन निघायचो!" हशा उसळला. खेळ कसाबसा संपला आणि सगळे म्हातारे खऱ्या घड्याळाभोवती जमले. या ठोक्यानं कोणाचं लग्न लांबलं, कोणाची परीक्षा लवकर सुटली, सांगता पुरेना.

व्याही समोर आले. सलूनवाल्यानं मान खाली घातली. "व्याहीबुवा, खरं सांगायचं तर मुख्य भूमिका—"

"माहीत आहे. तुमच्या घरून आमच्या हिला फोन आला होता. 'हे तासभर गप्प उभे राहणार आहेत, पुन्हा जन्मात बघायला मिळायचं नाही, या.'"

म्हणजे गर्दी त्यासाठी होती. बायकोनं साऱ्या आळीला आवतण दिलं होतं आणि लोकांनी आपसांत चहाच्या पैजा लावल्या होत्या.

"टण म्हणजे बोलणं की नाही?" पैजवाल्यांनी व्याह्यांना घेरलं. बाईही येऊन उभ्या राहिल्या.

व्याह्यांनी घसा खाकरला. "बारा ठोके घड्याळाचे, यात वाद नाही. तेरावा…" त्यांनी खऱ्या घड्याळाकडं निरखून पाहिलं. "तोही घड्याळाचाच. यांनी पदरचं काहीही घातलेलं नाही. निर्दोष!"

"मंडळात नाव राहिलं," बाई म्हणाल्या.

हात खाली घेऊन आभाराचे दोन शब्द बोलायला सलूनवाल्यानं तोंड उघडलं मात्र, दालन बघता बघता रिकामं झालं. भाषण शेवटपर्यंत ऐकलं ते एकट्या घड्याळानं. त्याला कुठं जाता येत नव्हतं.