दारात अडकलेली पेशी

सिकलसेलच्या तपासणीसाठी आणि जनजागृतीसाठी सरकारी निधी आला, आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पहिली धाड घातली ती आपल्या धाकट्या दिरावर. दीर शिंपी होता.

"भाऊजी, रक्तातल्या दोन लाल पेशी शिवून द्या. एक निरोगी, गोल. दुसरी आजारी, विळ्यासारखी वाकडी."

"मापं कुणाची घेऊ?"

"गोल तुमच्या दादांची. वाकडी तुमची."

दादा मुळातच गोल, त्यांना कापूस लागलाच नाही. शिंप्याने मात्र स्वतःच्या पोशाखात अख्ख्या गादीचा स्पंज कोंबला. टोकं हातभर बाहेर आली. रस्त्यात एका आजीने थांबवून विचारलं, "लाल केळी कुठे मिळतात रे?"

दवाखान्याच्या दारातून दादा अलगद आत गेले. मागून शिंपी शिरला आणि एक टोक चौकटीला, दुसरं कडीला, असा घट्ट अडकला. मागे तीसेक माणसांची रांग तुंबली. ढकलाढकली सुरू झाली, तसा शिंपी बोंबलू लागला.

नर्सबाईंना आयतंच फावलं. त्या स्टुलावर चढल्या. "बघा, अगदी असंच होतं! वाकड्या पेशी बारीक नसांत अडकतात, मागचं रक्त तुंबतं आणि माणूस असा कळवळतो!"

"वहिनी, आधी मला काढा!"

"हात द्या बघू," म्हणत त्यांनी त्याच्या बोटाला सुई टोचली. स्वतःच्या ठरलेल्या लग्नाच्या गडबडीची सबब सांगून महिनाभर तो तपासणी टाळत होता. आता पळणार कुठे?

शेवटी दादांनी आतून ओढलं, रांगेने बाहेरून रेटलं, आणि शिवण टराटरा उसवून शिंपी दादांच्या पोटावर आदळला. हसता हसता सगळ्यांनी बोटं पुढे केली.

आठवड्याने अहवाल आला: शिंपी वाहक. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे मी गेलो?"

"कुठे जाताय? वाहक म्हणजे आजारी नव्हे. नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर मुलांना आजाराचा धोका. नवरीलाही तपासून घ्यायला सांगा, एवढंच."

हे सांगायचं कसं, या विचारात त्याने दोन दिवस गिऱ्हाइकांच्या बाह्या उलट्या जोडल्या. मग एकदाचा फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मी केव्हाच तपासून घेतलंय," नवरी म्हणाली. "मला काही नाही. तुम्हाला विचारायचं कसं, म्हणून मीच गप्प होते."

शिंप्याने मशीनवर डोकं टेकलं आणि इतक्या मोठ्याने हसला, की समोरची बाई आपलं कापड उचलून चालती झाली.