पाकिटाबाहेरच्या गोळ्या

तिच्या नवऱ्याला वजनाचं वेड होतं. डोंगर चढायचा म्हटलं की तो मोजेसुद्धा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा, ब्रशची दांडी अर्धी कापून टाकायचा. आठ दिवसांची ही वाट सीमा ओलांडून पलीकडच्या देशात उतरत होती. म्हणून त्याने गोळ्याही पाकिटांतून सोलल्या आणि दोन इवल्याशा प्लास्टिकच्या पिशव्यांत भरल्या; ओळखायला एकीला निळ्या दोऱ्याची गाठ मारली, दुसरीला लाल. एकीत तिच्या फिट्सच्या, दुसरीत त्याच्या गुडघ्यांसाठी कॅल्शियमच्या. दोन्ही पांढऱ्या, गोल, दिसायला सारख्याच. डॉक्टरांची चिठ्ठी घरीच राहिली; कागदालाही वजन असतं म्हणे. तीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन सासूबाईंनी औषधांचं दोनदा विचारलं, तेव्हा त्याने छाती ठोकून हो म्हटलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी ते खिंडीतल्या चौकीत पोचले. पत्र्याची खोली, एक टेबल, एक बाक. नवरा बसल्या बसल्या पेंगायला लागला. तीन दिवस हेच चाललं होतं, पाय अडखळत, डोळे जड. उंची बाधली, असं त्याचं म्हणणं. ती त्याला झोपाळू अस्वल म्हणून चिडवत होती.

स्वतःपुरतं औषध नेता येतं, पण मूळ पाकीट आणि चिठ्ठी हवी, असं तपासणीच्या बाईंनी शांतपणे समजावलं. नाहीतर ते ठेवून घ्यावं लागतं. दोन वर्षांत तिला फिट आली नव्हती, ती या गोळ्यांच्याच जोरावर.

बाईंनी भिंगातून गोळीवरचा आकडा वाचला, यादीत शोधला.

"ही निळ्या गाठीची पिशवी कुणाची?"

"माझी," नवरा डोळे चोळत म्हणाला. "कॅल्शियम."

"ही फिट्सची गोळी आहे, भाऊ."

त्याची झोप खाडकन उडाली. तिला मात्र सकाळची कड्यावरची वाट दिसली. दोन पावलांएवढी रुंद, खाली नुसतं धुकं, आणि ती पुढे, गुणगुणत. तीन दिवस पोटात नुसतं कॅल्शियम.

"निळी तुझी होती का गं?" त्याने विचारलं.

"गाठी तूच मारल्यास ना."

बाईंनी पाण्याचा पेला आणि निळ्या पिशवीतली एक गोळी तिच्यापुढे सरकवली. मग घरच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर नवऱ्याच्या नावाने इतके ओरडले की बाईंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. पाच मिनिटांत फॅक्सवर चिठ्ठी आली, सोबत तंबी: आता एक पाऊलही चालायचं नाही, पलीकडच्या गावात दवाखाना गाठा, नवऱ्यालाही दाखवा. बाईंनी तिच्या गोळ्या कागदी पाकिटात घातल्या, वर ठळक अक्षरांत तिचं नाव लिहिलं, आणि चौकीची जीप बोलावली.

नवरा दोन्ही पाठपिशव्या छातीशी धरून उभा होता. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, लेकीला फोन लावू का.

"नको," ती म्हणाली. "ती आई म्हणून हाक मारेल, आणि माझ्या तोंडून ओ फुटायची नाही."