शिवमूर्तीच्या आंघोळीचं पाणी

"पडला का रे?"

जगदेवी फोनमध्ये एवढ्या मोठ्यानं ओरडली की टँकरच्या रांगेत बसलेल्या सगळ्या बायांनी दचकून वर आभाळाकडे पाहिलं. आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

"काय पडायचं हाय, अक्का?" शेजारच्या लक्ष्मम्मानं विचारलं.

"बर्फ!"

रांग खो खो हसली. उदगिरात त्या वर्षी हसायला दुसरं होतं तरी काय! पावसाळा हात हलवत आला आणि तसाच गेला. सव्वीस जानेवारीला उदगीरचा जिल्हा होणार म्हणून चौकातल्या हलवायाकडे पेढे सांगून ठेवले होते, तेही त्याच्याकडेच राहिले. गाव पावसाची वाट बघत होतं, पुढारी जिल्ह्याची, आणि जगदेवी एकटी बर्फाची.

त्याला कारण तिचा शिवमूर्ती. नवरा गेल्यावर शेवया-पापड लाटून तिनं या एकुलत्या एक पोराला आयटीआय शिकवलं. तो लिफ्टचा मेकॅनिक झाला आणि कंपनीनं त्याला थेट हिमालयात नेऊन ठेवलं, औलीला. तिथं डोंगरावर दोराला टांगलेले पाळणे होते, ते चालते ठेवायचं याचं काम. माणसं त्या पाळण्यांतून वर जातात आणि पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत खाली येतात, हे त्यानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पोरगं थट्टा करतंय असंच तिला वाटलं.

"खालीच यायचं हाय तर वर कशाला जातेत रे?" तिनं विचारलं होतं.

यंदा मात्र तो डोंगर उघडाबोडका होता. बर्फ नाही म्हणून घसरणारे नाहीत, पाळणे रिकामे. साहेबानं सांगून टाकलं होतं, शिवरात्रीपर्यंत बर्फ पडला तर हंगाम चालेल आणि तुला कायम करू, नाही तर गाशा गुंडाळ आणि गावी जा.

म्हणजे बर्फ पडला नाही तर पोरगा घरी येणार होता. दोन वर्षांत जगदेवीनं त्याला फोनच्या काचेतच काय तो पाहिला होता. अंगणात तिनं एक निळा ड्रम भरून ठेवला होता. दर टँकरला एक घागर स्वतःच्या वापरातून वाचवायची आणि त्यात ओतायची. वर झाकण, झाकणावर दगड. शिवमूर्ती आला की त्याच्या आंघोळीला. लहानपणी तो न्हाणीत शिरला की ओढून बाहेर काढावा लागे. पोरगं घरी येईल आणि तांब्याभर पाण्यात अंग पुसेल, ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती.

"मग पडूच नये म्हण की बर्फ," लक्ष्मम्मा म्हणायची. "पोरगं घरी येतंय, आनखी काय पायजे?"

जगदेवी घागर पुढं सरकवायची. घरी येऊन तो काय करणार होता? उदगिरात लिफ्टा होत्या किती? आणि फोनवर त्या पाळण्यांबद्दल बोलताना त्याचा आवाज कसा फुलायचा, ते लक्ष्मम्मानं कुठं ऐकलं होतं?

त्यानंच आईला तिथलं हवामान शिकवलं होतं. आभाळ निवळ असलं की थंडी कडक, पण बर्फ नाही. पश्चिमेकडून वारं आलं, ढग दाटले, जराशी ऊब झाली की समजायचं, आता पडणार. "आपल्यावानीच की. उकडलं की पाऊस," जगदेवी म्हणाली होती. तेव्हापासून दोरीवरचं लुगडं पूर्वेकडे फडफडलं की तिचा जीव हरखायचा. उदगीरच्या वाऱ्याचा औलीशी काय संबंध, हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

"अव्वा, ढग आलेत," आज शिवमूर्ती सांगत होता. "ऊब बी झाली. पण खात्री न्हाई. नुस्ता पाऊस पडला तर सगळं संपलं."

"पाऊस नगं रे बाबा! पाऊस नगं!" जगदेवी ओरडली.

टँकरच्या रांगेत पाऊस नको म्हणणारी ही पहिलीच बाई. यावेळी कुणी हसलं नाही.

त्याच दिवशी शिवरात्र होती. पाऊस लांबला की महादेव कोंडायचा, ही गल्लीची जुनी रीत. देवळाचा उंबरा मातीनं लिंपायचा, गाभाऱ्यात पाणी ओतत राहायचं, पिंड पुरती बुडाली की देव गुदमरतो आणि पाऊस धाडतो. पावसाळ्यात कोंडायलाही पाणी नव्हतं म्हणून ते राहून गेलं होतं. आता शिवरात्रीला घरटी घागर काढून तेवढं उरकू, असं देवळाचे पुजारी विरूपाक्ष स्वामी यांनी ठरवलं. नंतर ते पाणी जनावरांना पाजायचं होतं.

दुपार कलताना बाया-पुरुष रांगेनं उभे राहिले. घागरी हातोहात आत जाऊ लागल्या. "हर हर महादेव!" पाणी चढलं, चढलं, आणि थांबलं. घागरी संपल्या. पिंडीचा माथा चार बोटं उघडाच.

"आर्धा कोंडला तर फळ न्हाई," स्वामी हताश होऊन म्हणाले. "हाय का कुनाकडं?"

सगळ्यांना तो निळा ड्रम ठाऊक होता. पण एका आईचं ते पाणी मागायची कुणाची छाती झाली नाही. लक्ष्मम्मासुद्धा खाली बघत राहिली.

जगदेवी रांगेतून बाहेर पडली. ती घरी गेली, झाकणावरचा दगड उतरवला आणि पहिली घागर बुडवली. मग लक्ष्मम्मा धावली, मग सगळी गल्ली. शेवटची घागर जगदेवीनं स्वतः ओतली. ओठ हलले. माथा बुडाला आणि देऊळ गर्जनेनं दणाणलं.

त्या गलक्यातच तिच्या कमरेचा फोन वाजला.

"अव्वा, बघ! बघ!"

काचेत पांढरंशुभ्र. पाळणे पांढरे, दोर पांढरे, शिवमूर्तीच्या भुवयासुद्धा पांढऱ्या, आणि अजून पडतच होतं. "तुझा फोन ठेवल्याधरनं पडायलाय! साहेब सोता म्हनला, तू कायम!" तो नाचत होता. फोन हातोहात फिरला. पोरं किंचाळली, म्हाताऱ्यांनी हात जोडले, कुणीतरी हलगीच बडवायला घेतली.

"आरं देवा, मागितला हितं आन पाडला तिकडं!" स्वामी म्हणाले.

जगदेवीचं तोंड एवढंसं झालं. "स्वामी, तुमी सगळे पाऊस मागत व्हतात. म्या बर्फ मागितला."

लक्ष्मम्मा म्हणाली, "मागनारच की. आन महादेव कैलासावरचा. त्याला आधी तिथलंच ऐकू येनार. आपला नंबर लागंल मागनं." हशा पिकला, आणि लक्ष्मम्मानं डोळ्यांना पदर लावला.

फोन परत हाती आला तेव्हा शिवमूर्तीचा आवाज उतरला होता. "अव्वा, आता लौकर येनं व्हायचं न्हाई."

"नगंच येऊ," जगदेवी म्हणाली. "बर्फ हाय तवर तिथंच ऱ्हा. कान झाक आधी. आंघोळ गरम पान्यानं करतोस न्हवं?"

"हाव."

"दोन बादल्या घेत जा."

घरी येऊन तिनं ड्रम आतून पुसला. तळाशी उरलेलं तांब्याभर पाणी तुळशीला घातलं. मग ड्रम भिंतीशी उपडा ठेवला, आणि त्यावर वाळवणाचं सूप मांडलं.