चौथा बाप्तिस्मा

"चौथ्यांदा नाही, काका," पाळक म्हणाले. "मी बाप्तिस्म्याचा हौद भरणार नाही."

उपासना संपून माणसं पांगली होती. पाळकांच्या खोलीत तिबारकाका टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या इस्त्रीयंत्रावर त्यांची तीस वर्षं गेली होती. एकदा पाण्यात उतरलं की माणूस कायमचा देवाच्या घरचा, असं त्यांच्या चर्चची मंडळी मानायची. काका तीनदा उतरले होते. कुणीतरी थट्टेत 'तिबार' म्हटलं, आणि नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

"पहिल्या वेळी काय कमी पडलं?" पाळकांनी विचारलं. वयाने ते काकांच्या मुलासारखे होते.

"तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. ताई म्हणाली उतर, उतरलो."

"आणि दुसऱ्या?"

"टायफॉइड झाला होता. मरणाच्या भीतीने घेतला. तो काय खरा?"

"तिसरा?"

काका ओशाळले. "तिसरा मनापासून होता. पण पाणी इतकं गार होतं, की सगळं लक्ष थंडीकडेच गेलं. पश्चात्ताप राहूनच गेला."

पाळकांना हसू आवरेना. मग काकांच्या डोळ्यांकडे पाहून ते गंभीर झाले. "काका, दहावा दिला तरी तुम्ही अकरावा मागाल."

घरी आल्यावर काकांनी हे ताईला सांगितलं नाही. ताई घरातच होती, पण सांगण्यासारखी उरली नव्हती.

ताई त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आईमागे तिनेच त्यांना वाढवलं, शिकवलं, गुडघ्यावर बसायला लावलं. त्याच इस्पितळात ती मेट्रन होती, आणि तिच्या चपलांचा आवाज आला की डॉक्टरसुद्धा सरळ उभे राहायचे. आपण तारलो गेलो तो क्षण तिला तोंडपाठ होता: मंगळवार, दुपारचे सव्वाचार, कपडे वाळत घालताना. काका कुरकुरायला लागले की ती म्हणायची, "देव काय तुझ्यासारखा आहे? कुलूप लावलं का बघायला चारदा माघारी येणारा?" तिच्या खात्रीच्या सावलीत काकांनी जन्म काढला. आपलं काही का होईना, ताईचं पक्कं आहे, एवढा आधार होता.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा हलका झटका आला. हात सावरला, पण आठवण निसटत गेली. आधी शेजारणींची नावं गेली, मग गॅस कसा पेटवायचा ते, मग 'आमेन' कुठे म्हणायचं ते.

पाळकांनी हौद नाकारला त्याच आठवड्यात ते तिला प्रभुभोजन द्यायला घरी आले. सोबत मंडळीतले ज्येष्ठ शिंपीदादा होते. काकांनी ताईचे केस विंचरले, स्वच्छ उशी पाठीशी दिली. पाळकांनी प्रार्थना करून पावाचा तुकडा तिच्या ओठांशी नेला. तिने तो चघळला आणि थुंकला. द्राक्षरसाचा प्याला तर हाताने उडवला.

"ताई, प्रभू येशूच्या नावाने..." पाळक म्हणाले.

"कोण तो?" ताई खेकसली. "मी नाही ओळखत असल्या कुणाला. घालवा याला बाहेर!"

लाल डाग चादरीवर पसरला. काकांनी खाली पडलेला प्याला उचलला.

जिन्यात आल्यावर शिंपीदादांनी घसा खाकरला. "वाईट वाटतं. पण शेवटी आत असतं तेच बाहेर येतं. जो शेवटी नाकारतो, तो मुळात कधी आपला नव्हताच."

आयुष्यात काकांनी कुणावर आवाज चढवला नव्हता. आता चढवला. "दादा, तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा भूल उतरताना तुम्ही ताईला काय काय म्हणालात, आठवतंय?"

"मला कसं आठवेल?"

"तिला आठवत होतं. मलाही माहीत आहे, कारण तुमच्या भरलेल्या चादरी न्यायला मी तेव्हा दारातच उभा होतो. तिने तुम्हाला पुसलं, कूस बदलली, आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. भुलीत बोललात म्हणून तुम्ही दुसरे कुणी झालात का? ताई प्रभूची आहे. मला खात्री आहे!"

शिंपीदादा कानापर्यंत लाल झाले आणि जिना उतरून गेले. काका कठड्याला धरून उभे राहिले. 'खात्री' हा शब्द आपल्या तोंडून निघाला, हे त्यांचं त्यांनाच खरं वाटेना.

पाळक मागे थांबले होते. हळूच म्हणाले, "काका, हीच खात्री स्वतःबद्दल का नाही?"

"ताईचं वेगळं आहे."

"कसं वेगळं?"

"तिने किती माणसांचं केलं! चाळीस वर्षं..."

"म्हणजे ती तिच्या कामामुळे तारली गेली?"

कामामुळे म्हणावं, तर आपल्या पदरी काय? चादरींच्या घड्या. कामामुळे नाही म्हणावं, तर आपल्यालाच वगळायचं कारण काय? अडकित्त्यात सुपारी सापडावी तसे काका दोन्हीकडून सापडले. "मला नका विचारू," म्हणाले, आणि आत गेले. डागाळलेली चादर त्यांनी बदलली.

ताई त्यानंतर सात आठवडे जगली. काका रोज वाट बघत होते, एखादा शब्द, एखादं स्तोत्र, नुसतं ओठांचं हलणं. काही आलं नाही. शेवटच्या सकाळी तिने त्यांच्याकडे पाहून विचारलं, "तू वॉर्डबॉय का रे?" ते "हो, मेट्रन" म्हणाले. तेवढ्यानेही तिला बरं वाटलेलं दिसलं. दुपारी ती गेली.

दफनाला शिंपीदादा आले. खांदा दिला, नजर दिली नाही. परतताना पाळक काकांना म्हणाले, "हौदाबद्दल पुन्हा काही बोलला नाहीत."

"मनातून गेलं नाही ते," काका म्हणाले. "अजून वाटतं, खोटा निघालो तर? पण पाण्यात उतरून ते जाणार नाही, एवढं कळलं."

घरी येऊन ते ताईच्या पलंगापाशी गुडघ्यावर बसले. रोज 'मला खात्री दे' म्हणायची सवय होती. आज शब्द तिथवर पोचेनात. "तिला तुझा विसर पडला, तू तिचा पडू देऊ नकोस," ते म्हणाले. मग चाचरत, कुणी ऐकलं तर लाज वाटेल अशा आवाजात त्यांनी जोडलं, "आणि तिचा भाऊ. त्याचाही."

'खोटा निघालो तर?' ही भीती होती तशीच होती. गुडघे दुखायला लागले तेव्हा ते उठले, आणि उशीचे अभ्रे काढायला लागले.