साखळीकडचे बेअरिंग

"दोन्ही बाजूंची बेअरिंग बदल, दादा. सीलंही," रिस्तेन म्हणाली आणि माझ्या गॅरेजपर्यंत ओढत आणलेल्या स्नोमोबाइलचा दोर सोडू लागली. "परवा कळप निघतोय. या वेळी मी नेणार आहे."

रिस्तेन माझी धाकटी बहीण. गाडी तिच्या नवऱ्याची, म्हणजे जोव्नाची. तो माझा लहानपणापासूनचा मित्र. गेल्या वसंतात रेनडिअरचा कळप किनाऱ्याकडे नेताना त्याची गाडी पठारावर बंद पडली. तो चालत निघाला आणि गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ फुटून बुडाला. त्या वर्षी बर्फच आतून कुजला होता, असे सारा गाव म्हणाला. मीही त्यांची री ओढली.

मी तिला कॉफी दिली, तिला आवडतात तसे सुक्या मांसाचे तुकडे त्यात टाकले आणि गाडी कुशीवर आडवी केली. पट्टा फिरवणाऱ्या दांड्याला दोन टोकांना दोन बेअरिंग असतात. डावीकडचे सोपे. एक झाकण, एक कडे, अर्ध्या तासाचे काम. उजवीकडचे मात्र साखळीच्या पेटीमागे. तिथे पोचायचे तर तेल काढा, साखळी उतरवा, दांडा ओढून काढा. दिवस जातो. त्यात तेल अडवणारे रबरी सील उलटे बसले तर तेल गळून सगळी मेहनत वाया.

जोव्नाने गेल्या वर्षी गाडी आणली ती ईस्टरच्या तोंडावर. ईस्टरला आमच्याकडे लग्ने असतात, शर्यती असतात, आणि माझा पाय घरात ठरत नव्हता. मी डावीकडचे बेअरिंग बदलले, उजवीकडे नुसते नवे तेल ओतले आणि त्याला बेधडक सांगितले, की दोन्ही नवी टाकलीत. त्या वाटेला माणसे दोन गाड्या नेतात, एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. जोव्नाने दुसरी नेली नाही. निल्लासने हात लावलाय, आता चिंता नाही, असे तो माझे नाव घेऊन चारचौघांत सांगत होता.

पेटी उघडली. आत तेच जुने बेअरिंग, गोळ्यांचा चुरा झालेले. सील फाटले होते आणि साखळी दात्यांत रुतून बसली होती. रिस्तेन शेजारीच उभी होती, पण तिला त्यातले काही कळत नव्हते. नवे बसवून गप्प राहिलो असतो तर मी मेल्यावरही कुणाला पत्ता लागला नसता. आईवडील गेल्यापासून माझे म्हणावे असे तिच्याशिवाय कुणी नाही. मला भीती वाटली.

"हे मी बदललंच नव्हतं," मी म्हणालो. "जोव्नाशी खोटं बोललो. मला लग्नाला जायचं होतं."

तिने वाकून तो चुरा हातमोज्यावर घेतला.

"मीपण होते त्या लग्नात," ती म्हणाली. "किती नाचलास, दादा."

मग तिने हातमोजे काढले आणि बाह्या वर सारल्या.

"हो बाजूला. तू सांग, मी करते."

"अगं, दांडा जड आहे, मी..."

"हात लावू नकोस."

मी स्टुलावर बसलो. तीस वर्षे हे काम केले, पण हात मांडीवर ठेवून बसायची वेळ पहिल्यांदाच आली. मी सांगत गेलो, ती करत गेली. पाना निसटून तिची बोटे सोलली, तेव्हाही मी जागचा हललो नाही. तिची कॉफी तशीच गार झाली होती.

संध्याकाळी उजवीकडच्या सीलची पाळी आली. त्याची मऊ कड पेटीच्या आत, तेलाकडे वळलेली हवी, असे मी सांगितले. तिने ते हातात फिरवून पाहिले आणि ठोकून बसवले.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

तिने माझ्याकडे पाहिले नाही. बोट आत घालून ती कड सगळीकडून चाचपली, आणि मग पुन्हा एकदा चाचपली.