आम्ही कळवतो

आमच्या घरी काहीही बघायला जायचं असलं, फ्लॅट असो, गाडी असो नाहीतर नुसता कूलर, माझे सासरे इस्त्रीचा पांढरा सदरा घालतात, गाडीत पुढच्या सीटवर बसतात आणि समोर आलेलं खाऊनपिऊन झालं की उठताना म्हणतात, "आम्ही कळवतो." त्यांचं नाव कृष्णकांत, पण सगळे नानाच म्हणतात. त्यांना दोन मुलगे. दोघांची लग्नं त्यांनी याच थाटात जमवली. जन्मभर मुलाकडचे राहिलेले. समोरच्या खुर्चीत बसून कसं वाटतं, हे त्यांना ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

म्हणून पाळणाघर बघायला नानाही येणार म्हटल्यावर मी कपाळाला हात लावला. माझी लेक सोनिका दीड वर्षाची. माझी रजा संपली होती. सोमवारी हजर झाले नाही तर माझ्या जागी दुसरं माणूस घेऊ, असं साहेबांनी अगदी गोड आवाजात सांगून ठेवलेलं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, नवरा पुष्कर सदा दौऱ्यावर. नानांकडे एकदा सोनिकाला सोपवून पाहिलं होतं. नाना घोरत होते आणि ती त्यांच्या चष्म्याने कुंडीतली माती उकरत होती. ही नोकरी मी धडपडून मिळवलेली आहे आणि मला ती सोडायची नव्हती, एवढी साधी गोष्ट.

धरमपेठेतल्या एका पाळणाघरात छताला कॅमेरे होते, भिंतीवर जिराफ होते आणि मुलं टीव्हीसमोर इतकी गप्प बसली होती की मलाच धडकी भरली. नाना कॉफी पिऊन म्हणाले, "आम्ही कळवतो." लकडगंजात एक बाई फार प्रेमळ भेटल्या, पण खालीच लाकडं कापायचं मशीन. ते सुरू झालं की सोनिका माझ्या ओढणीत शिरायची. तिथे सरबत झालं आणि पुन्हा, "कळवतो." तोवर मला काही वाटलं नाही. दोन्ही ठिकाणी माझाही नकारच होता.

मग आम्ही घराजवळच्याच दिपालीताईंकडे गेलो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, कूलरला नवा वाळा, जमिनीवर सतरंजी. एका पोराने दुसऱ्याला कडकडून चावलं होतं आणि दिपालीताई त्या दोघांना एकाच ताटातला वरणभात भरवत होत्या. नानांचा सदरा त्यांनी बघितलाच नाही.

"चपला बाहेर काढा अन् बसा," त्या म्हणाल्या.

आम्ही बसेपर्यंत सोनिका माझ्या कडेवरून उतरली, तुरुतुरु त्या ताटापाशी गेली आणि तिने चिमणीच्या पिल्लासारखी चोच उघडली. घरी एका घासासाठी मला सगळं घर फिरवणारी माझी लेक! दिपालीताईंनी न बोलता तिलाही घास दिला. माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला.

नानांचा मात्र आत्ता कुठे सुरू झाला होता. मूळचे कुठले, घरी कोणकोण, स्वयंपाक स्वतः करता का, असं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गाणं वगैरे येतं का?"

मला सतरंजीखाली जावंसं वाटलं.

"येते ना," दिपालीताई हसल्या. "पण मी पोरायसाठी गातो, पाहुण्यायसाठी नाही. माह्याकडे एकच जागा आहे. पाहा, काय करता ते."

मी हो म्हणायला तोंड उघडलं, तोच नाना सदरा झटकत उठले. "आम्ही कळवतो."

गाडीत मी फाडकन बोलले. "नाना, मला ही जागा पसंत होती!"

"मलेही होती. पण काहून इतकी घाई करून राहिली तू? बसल्या बैठकीत हो म्हटलं की आपली पत राहत नाही. दोन दिवस थांबू दे त्यांना."

"आपण मुलाकडचे नाही आहोत. सोनिका मुलगी आहे!"

नाना काचेतून बाहेर बघत राहिले. घरी पोचताच मी दिपालीताईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, नानांनी ऐकावं म्हणून मुद्दामच.

"अवं, तुम्ही कळवतो म्हणाले ना," दिपालीताई म्हणाल्या. "मले वाटलं, नकार आहे. उद्या जरीपटक्याहून एक कुटुंब पाहायले येऊन राहिलं. त्याईले मी शब्द देला आहे. त्याईचं झालं की मी तुमाले कळवतो."

नानांनी हे ऐकलं. त्यांना स्वतःचंच वाक्य कोणीतरी परत केलं होतं, आणि ते घ्यायला कुठला हात पुढे करावा हे त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी माझा फोन जेवणाच्या टेबलाच्या मधोमध मांडला. चार्जर लावला. स्वतः समोर बसले. वर्ध्याहून माझे बाबा, बाबाराव, यांचा फोन आला. नातीच्या पाळणाघराचं काय झालं हे त्यांना विचारायचं होतं. नानांनी लगेच हातवारे सुरू केले, ठेव, ठेव, लाइन मोकळी ठेव. "कळवते हो बाबा," म्हणून मी घाईने ठेवला. मग एका बँकेला मला कर्ज द्यायचं होतं. नाना तिच्यावर असे ओरडले की सासूबाई वॉकर घेऊन बाहेर आल्या. नाना दुपारी झोपले नाहीत. आंघोळीला गेले तेही मला टेबलापाशी बसवून.

"इतका वेळ लागते का गं, एक हो का नाही सांगायले?" शेवटी ते म्हणाले.

मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. "माझ्या वेळी बाबांनी तुमच्या होकारासाठी अख्खा श्रावण वाट पाहिली होती, नाना. आंघोळीला जाताना ते मोबाइल खिडकीत ठेवून जायचे. आणि पुष्करने मला लग्नानंतर सांगितलं, तुमचं तर परत येताना गाडीतच ठरलं होतं."

नानांनी चार्जरची वायर उगाच सरळ केली. इतकी वर्षं हा राग मी जपून ठेवला होता आणि टेबलावर ठेवल्यावर तो अगदीच दमलेला दिसत होता.

ऊन उतरल्यावर फोन वाजला. नानांनीच उचलला, स्पीकर लावला.

"जरीपटक्याचे लोक येऊन गेले," दिपालीताई सांगू लागल्या. "त्याईले समदं आवडलं. पोरगंही रमलं. पण जाताना आजोबा म्हणाले, घरी जाऊन कळवतो. आता मी कोणाकोणाची वाट पाहू? म्हणून इचारतो, तुमचं..."

"हो!" नाना उभेच राहिले. "आमचा होकार आहे, ताई! आत्ता, या बैठकीत! सोमवारी सकाळी येतो आम्ही."

"या. पण आजोबा, माह्या स्वयंपाकाची शंका असन तर येताना घरचाच डबा आणा. अन् गाणं मी सोमवारी ऐकवीन."

सासूबाई इतक्या हसल्या की वॉकर खडखडला. मी सोनिकाला उचलून दोन गिरक्या घेतल्या. माझी नोकरी वाचली होती. नाना मात्र फोन हातात धरून तसेच उभे.

"व्याह्यांचा नंबर लावून दे," ते म्हणाले.

मी लावून दिला. पलीकडे पहिली घंटी पुरती वाजलीही नाही, तोच फोन उचलला गेला.

"बाबाराव, मी कृष्णकांत बोलतो. ते... तुमच्या मुग्धाच्या वेळेस आमचं गाडीतच ठरलं होतं. तुमाले उगाच श्रावणभर बसवून ठेवलं मी. चुकलंच माझं."

बाबांचा आवाज आला, अवघडलेला.

"अहो, ते जाऊ द्या हो नाना. सोनिकाचं काय झालं ते सांगा पहिले. मुग्धा कळवते म्हणाली, तेव्हापासून मी फोनजवळच बसून राहिलो."