मोसंबी तंबूत नव्हती

तंबूची चेन वीतभर उघडी होती आणि अंगात घालायचा निळा पट्टा गादीवर तसाच पडला होता. पट्टा होता, मोसंबी नव्हती.

हिमानीनं ब्लँकेट झटकलं. बॅगा उलट्या केल्या. तंबूचे कोपरे हातानं चाचपले, पाण्याच्या कॅनमागं पाहिलं, आणि पाहिलेल्याच जागा पुन्हा एकदा पाहिल्या. मग ती तिथंच मटकन बसली. पट्टा तिनंच काढला होता. पोरगी दिवसभर बांधलेली आहे, काखेत टोचत असेल, जरा मोकळी करावी, एवढंच तिच्या मनात आलं होतं. चेन लावली याची तिला खात्री होती. आता ती खात्री काय चाटायची आहे!

आता मांजर घेऊन कुणी जंगलाकडं राहायला जातं का, असं तुम्ही म्हणाल. हिमानीचा नवरा सौरवही तेच म्हणाला होता. पण त्याला कारण होतं, आणि ते कारण बाहेर लाकडी स्टुलावर कानटोपी घालून, संथपणे शेंगा सोलत बसलं होतं.

धोंडबाजी म्हणजे हिमानीचे सासरे. वीज कार्यालयात कारकुनी करून निवृत्त झालेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. गेल्या पावसाळ्यात देवकाबाई गेल्या आणि हा माणूस घराच्या फाटकाबाहेर पडेनासा झाला. बोलणं तर आधीच बेताचं, तेही आटलं. बोलायचा तो एका मोसंबीशी. मोसंबी देवकाबाईंची. त्यांच्या माहेरच्या, नरखेडकडच्या बागेत सापडलेलं पिवळट रंगाचं पिल्लू त्यांनी पदरात गुंडाळून नागपूरला आणलं होतं. बाई गेल्यावर मोसंबी सासऱ्यांच्याच हातून खाऊ लागली, आणि सासरे मोसंबी जेवली की मगच ताटावर बसू लागले. घरातलं हे गणित हिमानीला चांगलं ठाऊक होतं.

"बाबा, दोन दिवस पारशिवनीकडं जाऊ. तलावाच्या काठी तंबू असतात, हवा बदलेल," ती म्हणाली तेव्हा ते म्हणाले होते, "अन् हिले कोन पाहीन?"

"हिलेही घेऊ सोबत. माझी जबाबदारी."

आणि तिनं ती जबाबदारी चोख घेतली, त्यात खोट काढायला जागा नाही. मोसंबीला लस टोचून आणली. गळ्यात फोन नंबराची चकती अडकवली. पट्ट्याची सवय लागावी म्हणून रोज संध्याकाळी तिला गच्चीवर फिरवली, तेव्हा शेजारच्या रीनाताई खिडकीतून हसून हसून बेजार झाल्या. जाळीची टोपली घेतली, रेतीचा डबा घेतला, घरची जुनी चादर घेतली, म्हणजे वास ओळखीचा राहील. सगळं केलं. अन् शेवटी एक चेन!

"बाबा," तिनं बाहेर येऊन हाक मारली. "बाबा, मोसंबी इकडं आली का?"

धोंडबाजींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तंबूत नाई?"

हिमानीनं मान हलवली. रागावले असते, चार शब्द सुनावले असते तरी तिला बरं वाटलं असतं. ते फक्त उठले आणि मांडीवरची टरफलं खाली पडली.

मग शोधाशोध सुरू झाली. सौरव सरपण आणि दूध घेऊन नुकताच गाडीनं गावातून परतला होता, तोही धावला. तंबू चारच, त्यातले दोन रिकामे. स्वयंपाकाची शेड, पाण्याची टाकी, संडासामागचा बोळ, रचलेल्या विटा. "मोसंबी! मोसंबी!" तिघंही तीन दिशांना ओरडत होते. हिमानी सुकटीची पुडी हलवत फिरली. एरवी पुडीचा नुसता आवाज झाला की ही बया माळ्यावरून उडी मारून यायची. आज काडीचीही चाहूल नाही.

जानेवारीचा दिवस, सूर्य बघता बघता कलला. तलावावरून गार वारं सुटलं आणि अंगावर काटा आला. कुंपण तारेचं, तेही नावापुरतं. पलीकडं वाळलेलं गवत, मग सागाची झाडं, मग पुढचं दिसत नव्हतं.

कॅम्प सांभाळणारा जितेंद्र बॅटरी घेऊन आला. जवळच्याच गावचा, तिशीतला माणूस. दुपारी त्यानंच बजावलं होतं, "ताई, मांजर आतच ठेवजा. कुत्रं, मांजर बाहेर दिसलं की बिबट येते कधीमधी." तेव्हा हिमानी ऐटीत म्हणाली होती, "आमचीला पट्टा आहे, चिंता नका करू." ते बोलणं आता तिच्याच कानात वाजत होतं.

"किती वेळ झाला?" जितेंद्रनं विचारलं.

"तासभर असंल," सौरव म्हणाला.

जितेंद्र पुढं काही बोलणार, तेवढ्यात गवतापलीकडच्या झाडांवर वानरं ओरडली. खाँक! खाँक! एकानं सुरू केलं आणि सगळ्या टोळीनं उचलून धरलं. जितेंद्रचा चेहराच बदलला.

"काय झालं गा?" सौरवनं विचारलं.

"वानरं उगाच नाई ओरडत भाऊ. कोनीतरी आहे तिकडं." त्यानं बॅटरी गवतावर फिरवली. "आता कुंपनाच्या भायेर पायी कोनी जाचं नाई. सांगून ठेवतो."

गवत हलत होतं. वाऱ्यानं हलत होतं की कशानं, ते कळायला मार्ग नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर मोसंबी आली, कान पाडून, पोट जमिनीला लावून बसलेली, घरातल्या मिक्सरलाही घाबरणारी. आणि तिच्यामागं गवतात आणखी कुणीतरी. तिनं डोळे मिटले, पण मिटल्यावर ते जास्तच दिसू लागलं.

"बाबा! बाबा, थांबा!" सौरव ओरडला.

धोंडबाजी तारेपाशी पोचले होते. एक पाय तारेवर, हातानं खांब धरलेला. ज्या माणसाला सहा महिने फाटकापर्यंत आणता येत नव्हतं, तो माणूस जंगलात निघाला होता. जितेंद्रनं त्यांना दंडाला धरून मागं ओढलं.

"सोड मले. ती माझ्या आवाजावर येते. घाबरली असंल बिचारी."

"काकाजी, अंधार पडून राहिला. तुमाले काही झालं म्हंजे?"

"मले काय होते? मले काय व्हाचं राहिलं आता?" ते म्हणाले. जितेंद्रनं त्यांना गाडीजवळच्या दगडावर बसवलं. बराच वेळ ते दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घालून जमिनीकडं पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "देवकाले काय सांगू मी?"

हिमानीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. हा माणूस आता घरी जाईल, दार लावून घेईल आणि पुन्हा जेवायला म्हणून बाहेर येणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि ते तिच्या हातून झालेलं असणार होतं, दुसऱ्या कुणाच्याच नाही.

"गाडी काढतो," सौरव म्हणाला. "कुंपणाच्या कडेकडेनं लाईट टाकत जाऊ. हॉर्न मारू. निदान जे काही आहे ते तरी पळेल."

"हे बरोबर आहे," जितेंद्र म्हणाला. "काचा बंद ठेवा फक्त."

सौरव धावत जाऊन गाडीत बसला. नवी कोरी पांढरी गाडी, दिवाळीत घेतलेली. हिमानी दुसऱ्या दाराकडं वळली. वळताना तिची नजर सासऱ्यांवर गेली. ते गाडीच्या तोंडाकडं पाहत होते. हात खिशात.

आणि तिला सकाळचं आठवलं.

देवकाबाईंची एक सवय होती. त्यांच्या माहेरी बंडी जुंपायच्या आधी बैलाच्या पाठीवर थाप मारून "नीट ने, नीट आन" म्हणायची रीत. बैल गेले, बंडी गेली, बाई नागपुरात आल्या, तरी रीत काही सुटली नाही. सौरवची मोटरसायकल असो की दारात उभी भाड्याची गाडी, त्या पदराला हात पुसत बाहेर यायच्या आणि बॉनेटवर थापा मारायच्या. "नीट ने, नीट आन." रिक्षावाले हसायचे. सौरव लाजेनं लाल व्हायचा. आज सकाळी निघताना धोंडबाजींनी, आयुष्यात पहिल्यांदाच, तसाच हात उचलला होता. एक थाप मारलीही होती. आणि सौरव आतून खेकसला होता, "बाबा, नवी गाडी आहे ना! ओरखडे पडतील!"

त्यांनी हात काढून खिशात घातला होता. हिमानी तेव्हा टोपली मांडीवर घेऊन गप्प बसली होती. तो हात आता पुन्हा खिशात होता.

"बस ना वं, काय पाहून राहिली!" सौरव ओरडला.

हिमानी बसली नाही. ती बॉनेटसमोर आली. आपण काय करतोय हे तिला धड कळत नव्हतं. देव आठवत नव्हता, नवस सुचत नव्हता, नुसती भीती दाटून आली होती आणि हातांना काहीतरी करायला हवं होतं. तिनं थाप मारली.

"नीट ने," ती पुटपुटली.

"अगं, आता हे काय लावलंस? वेळ जाऊन राहिला!"

"नीट आण." दुसरी थाप. आवाज रडवेला झाला. तिसरी तिनं अशी मारली की तळहात झिणझिणला. "आई, नीट आणा हो तिला!"

बॉनेटच्या आत काहीतरी खरवडलं.

मग एक आवाज आला. बारीक, चिरका, कुठून तरी खोलातून.

काचेपलीकडं सौरवचा अंगठा स्टार्टच्या बटनावर होता.

"हात काढ!" हिमानी किंचाळली. "सौरव, बटनावरून हात काढ! आत आहे! ती आत आहे!"

सौरवनं चटका बसावा तसा हात मागं घेतला आणि बॉनेटचा खटका ओढला. जितेंद्रनं बॉनेट उचलून बॅटरी मारली. इंजिन आणि बाजूच्या पत्र्याच्या बेचक्यात, अजून उबदार असलेल्या जागी, मोसंबी अंग चोरून बसली होती. तोंडावर काळं ग्रीस, डोळे ताटलीएवढे. तिची शेपटी इंजिनाच्या पट्ट्याच्या चाकाला टेकून होती. गाडी सुरू झाली असती तर आधी तेच चाक फिरलं असतं.

हिमानीनं हात पुढं केला तर ती आणखी आत सरकली.

"थांब," धोंडबाजी म्हणाले. ते उठून आले होते. कानटोपी काढली, बाह्या वर सारल्या आणि हात आत घातला. "काहून वं, काहून लपून बसली? थंडी वाजली का? ये. ये मायबाई. मी हाओ ना."

मोसंबीनं त्यांची बोटं हुंगली. जरा थांबली. मग एक पाय काढला, मग दुसरा, आणि त्यांच्या दंडावरून सरळ स्वेटरात घुसली. सौरव गाडीतून उतरला होता. त्यानं एकदा त्या चाकाकडं पाहिलं, एकदा आपल्या अंगठ्याकडं, आणि तो तिथंच मातीत बसला.

"तुले कसं समजलं वं पोरी?" धोंडबाजींनी विचारलं.

"नाही समजलं बाबा." हिमानी म्हणाली. "भीती वाटली म्हणून आईंसारखं केलं."

त्यांनी मान हलवली. मग स्वेटरावरून हात फिरवत ते तंबूकडं वळले.

सकाळी ऊन वर आल्यावर सामान भरलं. मोसंबी पट्टा घालून टोपलीत, टोपलीला कडी, टोपली हिमानीच्या मांडीवर. कडी लागली आहे की नाही हे तिनं पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. सौरव स्टिअरिंगवर बसला, पण गाडी सुरू करेना. काच खाली करून त्यानं बाहेर उभ्या बापाकडं पाहिलं.

"बाबा."

"काय गा?"

"थाप राहिली."

"ओरखडे पडते ना?"

"पडू द्या," सौरव म्हणाला. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

धोंडबाजींनी खिशातून हात काढला. गाडीच्या तोंडाशी गेले, नीट उभे राहिले आणि थापा मारल्या. "नीट ने," ते म्हणाले, "नीट आन."

टोपलीच्या जाळीतून मोसंबीची ऊब हिमानीच्या मांडीला लागत होती. ती तिथंच होती, आपल्या डोळ्यांसमोर. तरी हिमानी कान देऊन ऐकत राहिली. बॉनेटमधून कसलाही आवाज आला नाही, तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला आणि म्हणाली, "आता कर सुरू."